बिलबुकावरची रेष : एका कलाविद्यार्थिनीचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या फोल्डरमध्ये 37 कागद होते आणि त्यांतलं एकही चित्र पूर्ण झालेलं नव्हतं. नागपुरातल्याच एका कला महाविद्यालयात ती बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, पेंटिंगला. मी महालातल्या घरी रविवारी चित्रकलेची बैठक घेते, तिथं कुणीतरी तिला पाठवलं होतं. हे सगळं तिच्या संमतीने लिहिते आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील गाळले आहेत.

त्या 37 कागदांपैकी एक मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. हाफ इम्पिरियल आकाराच्या कार्ट्रिज कागदावरचं हेड स्टडी, म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं. कपाळ, कान, गळ्याच्या शिरा उत्तम उतरलेल्या. नाकाच्या जागी मात्र खोडरबर इतक्या वेळा फिरलेलं की कागदाला लव सुटली होती. उजेडात धरला तर तेवढ्याच भागातून खिडकीचे गज दिसत होते. मी विचारलं, "किती वेळा खोडलं?" ती म्हणाली, "मोजलं नाही मॅडम. जमतच नव्हतं." जमत नव्हतं असं म्हणायला तिथं जागाच नव्हती, कारण आजूबाजूचं सगळं जमलेलं होतं.

तिची हकिकत अशी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना 'ए' ग्रेड. गल्लीतल्या सगळ्या रांगोळ्या, सगळे बॅनर हिच्या हातचे. कॉलेजची पहिली दोन वर्षंही बरी गेली. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात ज्युरी, म्हणजे मांडलेल्या कामाची तपासणी, झाली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या कामासमोर उभं राहून सांगितलं की हात चांगला आहे, पण कामात वैचारिक गाभा नाही, अभिव्यक्ती उसनी आहे. दोन मिनिटांचं बोलणं. परीक्षक पुढच्या डिस्प्लेकडे गेले आणि ती तिथंच राहिली, पुढचे तीन महिने.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी दोन-दोन तास मोबाइलवर 'प्रेरणा' शोधत होती. जगभरातल्या चित्रकारांची कामं, रील्स, स्टुडिओचे फोटो. सेव्ह केलेल्या चित्रांचा आकडा हजारावर गेला होता. रात्री कागद लावायचा, सुरुवात करायची, आणि पाऊण तासात "हे तर अमक्यासारखं झालं" किंवा "हे तर काहीच नाही झालं" म्हणून थांबायचं. मी पहिल्याच दिवशी तिला झोप, भूक, रडू येणं, जीव नकोसा होणं याबद्दल सरळ विचारलं. असं विचारायला कलाशिक्षकांनी लाजू नये. झोप येत होती, जेवण जात होतं, मैत्रिणींत हसत होती. तसं नसतं तर मी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून आधी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं असतं, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावून दिला असता. चित्रकलेचा सराव हा औषधाला पर्याय नाही.

माझ्या दोन चुका

पहिली चूक आकड्याची. अडलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते, की रोज दहा स्केचेस कर, चांगली-वाईट बघू नकोस. पुष्कळांना त्याने फायदा झाला आहे. हिला सांगितलं आणि आठ दिवसांनी ती चार स्केचेस घेऊन आली. सत्तर हवी होती, झाली चार. म्हणजे आता चित्र येत नाही या दुःखात सराव होत नाही याचीही भर. कामावर कडक नजर ठेवणाऱ्या मनाला मोजायला आकडा दिला की ते आणखी कडक होतं, हे मला तोवर उमगलं नव्हतं. तिला धीर द्यायला मी गायतोंड्यांचं उदाहरण दिलं. वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे, 1924 चे, आणि उमेदीच्या काळातही वर्षाला मोजकीच चित्रं करणारे. संथपणा हा दोष नाही, हे मला सांगायचं होतं. पण आदल्या आठवड्यात मीच दहाचा आकडा लावला होता, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन राहिलं नाही.

दुसरी चूक अजब बंगल्याची. 1863 पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय मला फार प्रिय आहे, आणि ते पाहून कोणाचाही हात शिवशिवेल असं मी धरून चालले होते. आम्ही दोघी तिथं तीन तास फिरलो. जुनी शिल्पं पाहिली, गोंडांच्या वस्तूंपुढे बराच वेळ थांबलो. बाहेर पडल्यावर ती गप्प होती. सीताबर्डीपर्यंत चालत आलो तेव्हा म्हणाली, "मॅडम, सगळं करून झालंय लोकांचं. आता मी कायले करू?" मग म्हणाली, "अन् याच गावात रझा शिकले."

हे रझांचं तिने आधीही दोनदा काढलं होतं. ख्यातनाम चित्रकार सैयद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत शिकले, हे इथल्या प्रत्येक कलाविद्यार्थ्याला माहीत असतं आणि बहुतेकांना त्याचा अभिमान वाटतो. हिच्या मनात मात्र त्याची छडी झाली होती. मी तिला रझांच्या बिंदूची गोष्ट सांगितली. लहानपणी खेड्यातल्या शाळेत मास्तरांनी चंचल पोराला भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले. तो ठिपका पुढे नागपूर, मुंबई, पॅरिस असा सगळा प्रवास करून, कितीतरी दशकांनी त्यांच्या कॅनव्हासवर आला. म्हणजे जी गोष्ट 'रझांची' म्हणून जग ओळखतं, ती नागपुरात शिकत असताना त्यांच्याजवळ होतीच, फक्त तिला अजून चित्रात जागा नव्हती. ती ऐकत होती, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला असं मला वाटत नाही. उपयोग झाला तो एप्रिलमध्ये, आणि तोही माझ्या घरचा कूलर बिघडला म्हणून.

कूलरचं दुकान

तिच्या बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. हे तिने मला दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, पारा 45 च्या वर गेला की घरात कूलर हा माणसाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि होळीपासून या दुकानांतले फोन थांबत नाहीत. माझ्या कूलरच्या एकाच बाजूने गार हवा येत होती. ओळखीच्यांनी पत्ता दिला, मी गेले, तर काउंटरवर हीच बसलेली.

ती आधी ओशाळली. मग मी बिघाड सांगितल्यावर म्हणाली, "थांबा, दाखवते." समोरचं बिलबुक ओढलं, कानावरचा बॉलपेन काढला आणि पावतीच्या मागच्या बाजूला काढायला लागली. खाली टाकी, त्यात पंप, वर जाणारी नळी, वरची भोकांची पन्हळ आणि तिथून गवतावर झिरपणारं पाणी. नळीचं वळण एका झटक्यात आलं, पेन उचललासुद्धा नाही. "पाणी इकडून येते, अन् इथं खार बसला म्हणून भोकं बुजते. मग अर्धं गवत कोरडंच राहते." कोरडं गवत तिने तुटक, खरखरीत रेघांनी दाखवलं. ओलं गवत दाखवताना त्याच रेघा दाबून खाली ओढल्या आणि एकमेकींत मिसळू दिल्या. सगळं मिळून एखादं मिनिट लागलं असेल.

मी तो कागद मागितला. ती म्हणाली, "हे कायले? हे चित्र थोडीच आहे!"

या प्रकरणात मला जे कळलं ते या एका वाक्यात आहे. जी मुलगी नाक काढताना कागद फाटेपर्यंत खोडत होती, तिच्याच हाताने मिनिटभरात न अडखळता, न खोडता, ओलं आणि कोरडं यांतला फरक रेषेत पकडला होता. तिच्या मनातला परीक्षक त्या मिनिटात आलाच नाही, कारण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ड्रॉइंग बोर्ड लावला, इम्पिरियल कागदाला क्लिपा मारल्या, पेन्सिलला टोक केलं की तो हजर. बिलबुकाजवळ त्याला काम दिसत नव्हतं. ती तिथं माझ्यासाठी काढत होती, मला समजावं म्हणून. 'कसं दिसतं' हा प्रश्नच नव्हता, 'कसं चालतं' एवढाच होता.

यावर थोडं वाचलेलं सांगते. 2008 साली चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. पाठ केलेली सुरावट वाजवताना एकदा आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवताना एकदा. सुचेल ते वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला, स्वतःवर लक्ष ठेवण्याशी आणि चूक दुरुस्त करण्याशी जोडला जाणारा हिस्सा शांत झालेला दिसला. वादक फक्त सहा, तेही मुरलेले, त्यामुळे त्यावरून आपल्या विद्यार्थ्यांबद्दल मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ती मुलगी कानावरचा पेन काढून रेघ ओढत होती तेव्हा असंच काहीसं घडत असावं, असं मला मनापासून वाटतं.

मी तिला 50 पावत्यांची कोरी बिलबुकं आणून दिली, कार्बन पेपरसकट. पेन्सिल बंद, रबर बंद, बोर्ड बंद. काढायचं ते कुणाला तरी काहीतरी समजावण्यासाठी. पंपाची जाळी कशी उघडायची, बाबा मोटरीचं वाइंडिंग करताना कसे बसतात, गिऱ्हाईक भाव करताना हात कसे हलवतो. वरची प्रत फाडून डब्यात टाकायची, कार्बनची प्रत बुकातच राहू द्यायची आणि त्या दिवशी बघायची नाही. मेअखेर तीन बुकं भरली. या वेळी मी आकडा सांगितला नव्हता, तो आपोआप झाला. कार्बनखालची निळी, जराशी पसरट रेष तिला स्वतःलाच आवडू लागली. "दुसऱ्या कोणी काढल्यासारखी दिसते," म्हणाली.

परीक्षक कोणत्या भाषेत बोलतो

जूनमध्ये मी तिला वही दिली आणि सांगितलं, चित्र काढताना मनात जे वाक्य येईल ते जसंच्या तसं लिही. दोन आठवड्यांत अकरा वाक्यं जमली. वाचताना मला एक गोष्ट जाणवली. ती घरी, दुकानात, माझ्याशीसुद्धा नागपुरी बोलते. 'करून राहिली', 'काऊन', 'कायले' हे तिचे शब्द. पण अकरांपैकी नऊ वाक्यं छापील मराठीत होती. 'अभिव्यक्तीत मौलिकता नाही.' 'रचनेमागे विचार दिसत नाही.' तिच्या डोक्यात बोलणारा माणूस ती नव्हतीच. नोव्हेंबरचे ते पाहुणे तिथं बिऱ्हाड करून बसले होते.

मी म्हटलं, हीच वाक्यं तुझ्या आजीच्या तोंडी घाल. ती बराच वेळ पेन चावत बसली. मग 'अभिव्यक्ती उसनी आहे' याच्या खाली तिने लिहिलं, 'काऊन वं, दुसऱ्याचं कायले काढून राहिली? घरी काही नाही का?'

अर्थ तोच होता, पण आजीच्या तोंडी तो प्रश्न झाला, आणि प्रश्नाला उत्तर देता येतं. घरी काय आहे? पत्रा, गंज, खार, गवत, पंपाची घरघर, मार्च ते जून न जेवता राबणारे बाबा. आपल्याकडे प्रमाण भाषेचा धाक फार खोलवर बसवला जातो, विदर्भातल्या मुलांवर तर जास्तच. तो धाक चित्राच्या कागदापर्यंत पोचतो हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, याची मला खंत आहे.

उरलेली दोन वाक्यं तिच्या स्वतःच्या बोलीत होती. 'सगळ्या कडा सारख्याच दाबते तू.' आणि 'शेवटी शेवटी घाई करते.' दोन्ही खरी होती, तिचे 37 कागद त्याची साक्ष देत होते. ती आम्ही ठेवली. सगळाच परीक्षक हाकलून द्यायचा हे मला पटत नाही, त्याने कामात कच्चेपणा राहतो. आम्ही त्याची वेळ ठरवली, रविवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच. त्या अर्ध्या तासात किमान तीन दिवस जुनं झालेलं कामच समोर ठेवायचं आणि बोलायचं ते आपल्या भाषेत. इतर वेळी वाक्य आलं की वहीत लिहायचं आणि 'रविवारी बघू' म्हणून वही मिटायची.

हिरडा आणि कसीम

जुलैत ती एक जुना पडदा घेऊन आली. कूलरला टेकून टेकून त्यावर गंजाचे डाग पडले होते आणि आईने कितीही धुतले तरी निघत नव्हते. "याचा रंग करता येईल का?" हे तिला स्वतःला सुचलं, मोबाइलवर शोधून नाही. मी कलमकारी, म्हणजे कापडावर कलमाने चित्र काढण्याची कला, शिकताना आंध्रातल्या श्रीकाळहस्तीची रीत पाहिली होती. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस मुरवायचं, ते झालं कसीम. कापड हिरड्याच्या पाण्यात आणि दुधात बुडवून वाळवायचं. हिरड्यातलं टॅनिन आणि कसीममधलं लोह एकत्र आलं की काळा रंग धरतो आणि तो धुतला तरी जात नाही.

बाबांनी डबाभर गंजके स्क्रू आणि नटबोल्ट दिले, हिरडा इतवारीतून आणला. पहिल्या खेपेला आम्ही पिशवीतलं पातळ दूध वापरलं आणि सगळ्या रेघा फुटल्या, कापडावर नुसती कोळिष्टकं. दुसऱ्या खेपेला म्हशीचं घट्ट दूध घातलं, त्यातल्या स्निग्धांशाने रेष जागच्या जागी राहिली. मांजरपाटावर बांबूच्या कलमाने तिने नळीचं तेच वळण काढलं, बिलबुकावरचं. कसीमची रेष ओढताना फिकट राखाडी दिसते आणि हवा लागली की हळूहळू काळी होत जाते. तिने रेष ओढली, थांबली, रेष गडद होताना बघत राहिली. मग हसून म्हणाली, "मॅडम, आता कोण काय बोलणार, धड दिसूनच नाही राहिलं." नाव ठेवायला रेष दिसेपर्यंत हात पुढे गेलेला असायचा. असं माध्यम मी मुद्दाम शोधून तिला दिलं असतं तर मला स्वतःचं कौतुक वाटलं असतं. पण ते तिच्या घरातल्या पडद्यावर होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती इतवारीत मारबत, म्हणजे इडापीडा घालवायला निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेली. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. लहानपणापासून तिने पाहिलेली होती, पण या वर्षी ती बडग्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या टीका-टिंगलीच्या पुतळ्यांची, स्केचेस घेऊन आली, बिलबुकावर. म्हणाली, हे बनवणारे सुंदर दिसावं म्हणून बनवतच नाहीत, आणि रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून लोक ओरडतात तेव्हा कुणी रचनेबद्दल बोलत नाही. मी त्यावर काही बोलले नाही. तिने तिचं तिचं पाहिलं होतं.

पुढं काय झालं

डिसेंबरच्या डिस्प्लेला, म्हणजे चौथ्या वर्षाच्या मध्यावर, तिने पाच कापडं लावली. खार धरलेली पन्हळ, अर्धं ओलं गवत, उघडलेली मोटर, मागून दिसणारे बाबा आणि एक कापड ज्यावर फक्त ठिबकणाऱ्या पाण्याच्या रेघा आहेत. हे पाचवं मला सगळ्यांत भावतं. कॉलेजात एका शिक्षकांनी मन लावून पाहिलं, दुसऱ्यांनी हे मेकॅनिकचं ड्रॉइंग वाटतं असं सांगितलं. त्यानंतर ती परत थांबली. पंधरा दिवस काहीच नाही, रविवारीही आली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. ते वाक्य तिने वहीत लिहिलं होतं, पण आजीच्या भाषेत आणायला तिला संक्रांत उजाडली. तिने लिहिलं होतं, 'मेकॅनिकचीच तर पोरगी हाय.'

सेव्ह केलेली हजारभर चित्रं तिने पुसली नाहीत, पुसावीत असं मीही सांगितलं नाही. आता ती काम झाल्यावर बघते. पूर्वी ती चित्रं तिला हरवायची, आता त्यांतल्या एखाद्याने कडा कशी सोडली आहे हे ती मला दाखवते. कडा सारख्याच दाबण्याची सवय अजून गेलेली नाही. घाईची थोडी गेली आहे.

फेब्रुवारीत, बरोबर एका वर्षाने, ती पाच कापडं तिने दुकानाच्या वरच्या खोलीत दोरीवर टांगली आणि बाबांना वर बोलावलं. मीही होते. ते चपला काढून आत आले, एकेका कापडासमोर थांबले. मोटरीच्या चित्राजवळ जाऊन त्यांनी बोट न लावता, हवेतच वाइंडिंगची दिशा गिरवली. मग म्हणाले, "हे उलटं केलं तू. तार इकडून फिरते ना."

तिने कापड जवळून पाहिलं आणि खिशातलं बिलबुक काढलं.